मोटारसायकलीचें तेल जातें कोठें?

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या खेड्यांतून बैलगाडी मागें पडली व तिच्या जागीं मोटारसायकल आली. आठवड्याचा बाजार, बॅंक, तालुक्याची कचेरी, साखर कारखाना, लेकीचें सासर आणि वर्षाकांठची एखादी यात्रा, या सर्व कामीं आज तीच उपयोगी पडते. बैलास वैरण किती लागते हें शेतकरी अचूक सांगतो; गाडीस पेट्रोल किती लागतें हेंहि त्यास तोंडपाठ असतें. परंतु हजार किलोमीटर धांवण्यांत तिचें एंजिन तेल किती खातें, असा प्रश्न केला असतां पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. आम्हांसहि तें देतां येत नव्हतें. या अज्ञानाची किंमत काय पडते हें अनुभवानें कळल्यामुळें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम दोन हकीकती सांगतों. आमच्या भावकींतील एका तरुणाची मोटारसायकल निळा धूर सोडीत असे. चालते आहे तोंवर चालूं द्यावी, या विचारानें त्यानें तिकडे लक्ष दिलें नाहीं. एके दिवशीं कराडहून चिपळुणास जातांना कुंभार्ली घाटांत एंजिनांतील उरलेंसुरलें तेल संपलें, पिस्टन सिलिंडरास धरून बसला, मागचें चाक एकदम अडलें व गाडी आडवी झाली. हाताच्या हाडावर निभावलें हें त्याचें दैव. मागून मालमोटार येत असती तर ही हकीकत आम्हांस वेगळ्या शब्दांत लिहावी लागली असती.

दुसरी हकीकत आमची स्वतःची. आमच्याजवळ सुमारें ३५० घनसेंटिमीटरची, एका सिलिंडरची व वाऱ्यानें थंड होणारी गाडी आहे. गेल्या माघांत मंडळींसह पंढरपूर, सोलापूर, अक्कलकोट व तुळजापूर अशी सुमारें ६०० किलोमीटरांची यात्रा केली. परत येऊन अंगणांत तेलाची काडी पाहिली तों ती कोरडी. अर्धा लिटर तेल ओतलें. आठ दिवसांनीं पाहतों तों काडी पुन्हां कमीच, आणि धूर मात्र डोळ्यांस दिसूं लागला. तालुक्याच्या गांवच्या मिस्त्रीनें तो धूर पाहून "बोअर गेला, एंजिन उतरवावें लागेल" असें सांगितलें व नऊ हजारांचा अंदाज दिला.

आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. पाहणीवांचून पैसेवारी लावूं नये व पंचनाम्यावांचून नुकसानीचा आंकडा लिहूं नये, एवढें तेथें शिकलों. तोच नियम एंजिनास लावावा असें ठरवून मिस्त्रीकडून मुदत मागून घेतली व एक नवी वही काढली.

तेलाच्या वाटा

तेलाचीं कामें तीन. घांसणाऱ्या धातूंच्या मध्यें तें पातळ पडद्याप्रमाणें राहतें; आंतील उष्णता वाहून बाहेरच्या कवचाकडे आणतें; आणि झिजेचा कीस व काजळी आपल्यांत घेऊन ठेवितें. बहुतेक मोटारसायकलींत एंजिन, गिअर व क्लच यांस एकच तेल असतें. म्हणून तें कमी पडलें कीं सर्वांवरच संकट येतें.

थोडें तेल जळणें हें स्वाभाविक आहे. पिस्टनवरील खालची रिंग सिलिंडराच्या भिंतीवरील तेल खरवडून खालीं पाठविते. परंतु वरच्या रिंगांस ओलावा हवा म्हणून एक पातळ थर मागें राहतो व तो जळतो. कांहीं निर्माते तर १००० किलोमीटरांस १ लिटरपर्यंत तेल लागलें तरी चालेल असें आपल्या पुस्तकांत लिहितात. तेव्हां आपल्या गाडीच्या पुस्तकांतील मर्यादा प्रथम पाहावी आणि मग तेल किती व कोणत्या वाटेनें जातें याचा शोध घ्यावा.

वाटा चार आहेत. पहिली, पॅकिंग अथवा सील यांतून बाहेर गळण्याची. दुसरी, झिजलेल्या किंवा काजळीनें चिकटलेल्या रिंगांवरून वर चढून जळण्याची. तिसरी, व्हॉल्व्हच्या दांड्याशेजारून खालीं उतरून जळण्याची. चवथी, ब्रीदरच्या नळीवाटे हवेच्या फिल्टरांत जाण्याची. या चारांखेरीज पांचवी वाट कागदावरची आहे: तेल गेलेलेंच नसतें, आपली मोजणीच चुकलेली असते. शोध या पांचव्या वाटेपासून सुरू करावा, कारण तिला खर्च कांहींच नाहीं.

मोजणी

गाडी सपाट फरसबंदीवर मधल्या स्टँडवर उभी करावी. तो नसेल तर दुसऱ्याकडून सरळ धरवावी. बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीची मोजणी केव्हांहि खरी मानूं नये. एंजिन कांहीं मिनिटें चालवून बंद करावें व पुस्तकांत सांगितलेला वेळ थांबून, काडी पुसून मग पाहावी. काडी आंटे फिरवून घट्ट करून पाहावयाची कीं नुसती टेंकवून, हेंहि पुस्तकावरून ठरवावें. तेवढ्यानेंच मापांत पुष्कळ फरक पडतो.

एक अपवाद ध्यानांत असावा. आपल्याकडे कित्येकांच्या घरीं जुन्या ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेट आहेत. ७० मिलिमीटर व्यास, ९० मिलिमीटर धांव व ३४६ घनसेंटिमीटर असें तिच्या एंजिनाचें माप. त्यांत तेलाची टांकी एंजिनाच्या ओतकामांतच परंतु निराळी असते, व पंप तेल फिरवून पुन्हां टांकींत आणतो. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली कीं टांकींतील तेल पंपांतून हळूहळू खालच्या भागांत उतरतें. अशा वेळीं काडी पाहून तेल ओतल्यास तें जास्त होतें. म्हणून अशी गाडी अगोदर चांगली चालवावी आणि बंद करतांच मोजणी करावी.

वहींत चार रकाने आंखावे: तारीख, किलोमीटरचा आंकडा, घातलेलें तेल मिलिलिटरांत, व शेरा. शेऱ्यांत रस्ता, ओझें व वेग लिहावा. तेल औषधाच्या पेल्यानें मोजून घालावें. अदमासानें ओतूं नये. घातलेल्या तेलास धांवलेल्या किलोमीटरांनीं भागून १००० नें गुणिलें कीं हजारीं खप निघतो. उदाहरणार्थ, ८०० किलोमीटरांत १२० मिलिलिटर घालावें लागलें तर खप हजारीं १५० मिलिलिटर.

येथें एका फसवणुकीविषयीं सांगितलें पाहिजे. रोज घरून शेतावर व शेतावरून घरीं अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत एंजिन पुरतें तापत नाहीं. न जळलेलें थोडें पेट्रोल तेलांत मिसळत राहतें व काडीवरील पातळी टिकून राहते. मालक समजतो कीं आपली गाडी तेल खातच नाहीं. पुढें लांबच्या प्रवासांत एंजिन तापतें, तें पेट्रोल उडून जातें, आणि पहिल्या २००-३०० किलोमीटरांतच पातळी एकदम खालीं येते. म्हणून मोठ्या यात्रेपूर्वीं तेल बदलावें आणि वाटेंत रोज सकाळीं काडी पाहावी. काडीचा वास घेतला असतां पेट्रोलाचा दर्प आला तर तें तेल पातळ झालेलें समजावें.

आमच्या मोजणींत काय निघालें तें सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितलें पाहिजे. आमच्या गाडीची काडी उजव्या अंगास आहे आणि बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते. आम्हीं वर्षभर अंगणांत तशीच मोजणी करीत होतों. तेल डावीकडे जमे व उजवीकडील काडी कोरडी दिसे. आम्हीं ओतीत जात असूं. गाडी सरळ उभी करून पाहिलें तों तेल वरच्या खुणेच्या बरेंच वर! जास्त झालेलें तेल फिरत्या क्रँकच्या फटकाऱ्यांनीं घुसळून ब्रीदरच्या नळीनें फिल्टरच्या पेटींत जात होतें व तेथून हवेबरोबर ओढलें जाऊन जळत होतें. पेटी उघडली तेव्हां तळाशीं कपभर काळें तेल सांपडलें. आम्ही ओतावें, एंजिनानें बाहेर टाकावें, आणि आम्ही पुन्हां ओतावें, असें चक्र चाललें होतें. मिस्त्रीस तें दाखविलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, धूर खरा होता, पण तो तुम्हीं ओतलेल्या तेलाचा होता." नोंद करणाराचीच चूक असली म्हणजे जमीन कशी भलत्याच्या नांवें चढते, हें आम्हीं नोकरींत पाहिलें होतें, येथें तेंच आमच्या हातून झालें होतें.

गळतीची पाहणी

मोजणी बिनचूक झाल्यावर खप अधिक दिसला तर बाहेरची गळती पाहावी. थंड एंजिन रॉकेल अथवा डिझेलानें पुसून स्वच्छ करावें, नीट वाळवावें आणि सांध्यांवर चेहऱ्यास लावावयाची पांढरी पावडर उडवावी. मग आठ-दहा किलोमीटर फिरून येऊन पाहावें. वाऱ्यानें तेल मागें पसरतें व वजनानें खालीं उतरतें; म्हणून ओल्या डागांपैकीं सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा जो असेल तोच बहुधा उगम असतो. खालीं ठिबकतें तेथलें पॅकिंग बदलून पुष्कळ जण व्यर्थ खर्च करतात.

रात्रीं गाडीखालीं कोरा कागद पसरावा. २० थेंबांचें सुमारें १ मिलिलिटर होतें. कागदावर पांच-सात थेंब दिसले तर तेवढ्यानें अर्धा लिटर तेल गेलें असें म्हणतां येणार नाहीं. अर्ध्या लिटरास १०,००० थेंब लागतात. परंतु कांहीं गळती चालत्या गाडींतच होते, हेंहि विसरूं नये. पुढच्या दांतेरी चक्राशेजारचें सील गळत असेल तर तेल मागच्या टायरवर जाण्याचा संभव असतो. तशी गळती थेंबाएवढी असली तरी गाडी त्याच दिवशीं मिस्त्रीकडे न्यावी, कारण तेथें प्रश्न जिवाचा आहे.

धुराची साक्ष

धुराचा रंग प्रथम ओळखावा. काळा धूर पेट्रोल अधिक जळत असल्याचा. थंडींतील सकाळीं निघणारा व लगेच विरणारा पांढरा धूर पाण्याच्या वाफेचा. निळसर व उग्र वासाचा धूर तेलाचा. त्यांतहि तो केव्हां येतो हें महत्त्वाचें.

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करतांच निळा झोत येऊन मग थांबला, तर रात्रीं व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल ठिबकलें असें समजावें. तेथील रबरी सील उष्णतेनें कडक होतें व दांडा नीट धरीत नाहीं. मूठ बंद ठेवून लांब घाट उतरल्यावर ती पिळतांच झोत आला, तरीहि संशय प्रथम व्हॉल्व्हच्या सीलावर व गाइडावर घ्यावा, कारण मूठ बंद असतां आंत ओढ फार जोराची असते. चढावर, ओझ्यासह, मूठ पिळलेली असेपर्यंत धूर येतच राहिला, तर रिंगांकडे पाहावें. आणि नवें तेल ओतल्यावर दोन दिवस धूर येऊन मग थांबत असेल, तर आमच्यासारखी चूक झाली आहे काय तें पाहावें.

प्लग काढून पाहणें हीहि एक साक्ष आहे. तेलकट, चकचकीत काळा थर तेलाचा. कोरडी मऊ काजळी पेट्रोलाची. मात्र १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत सायलेन्सराच्या वाटेवर धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतें. थोडें तेल जळत असेल तर तेथें धूर डोळ्यांस दिसेलच असें नाहीं, आणि तेलांतील फॉस्फरसनें त्या यंत्राचें काम मात्र मंदावत जातें. म्हणून धूर दिसत नाहीं एवढ्यावर निर्धास्त राहूं नये; काडी व वही यांवरच भरंवसा ठेवावा.

दाबाची कसोटी

रिंगा कीं व्हॉल्व्ह, हा वाद एंजिन न उतरवितां बराचसा मिटवितां येतो. एंजिन गरम असतां प्लग काढून त्या जागीं दाब मोजण्याचें घड्याळ लावावें, मूठ पूर्ण उघडी धरावी, आणि एंजिन फिरवून दाब लिहून घ्यावा. मग प्लगच्या भोंकांतून चहाच्या चमच्याएवढें तेल सोडून पुन्हां मोजावें. दाब पुष्कळ वाढला तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत, कारण तेलानें तेथील फट तात्पुरती बुजविली. दाब कमी असून वाढला नाहीं तर दोष व्हॉल्व्हच्या बैठकींत किंवा हेडच्या पॅकिंगांत शोधावा.

आमच्या गाडीचा दाब ११५ पौंड भरला. तेल सोडल्यावर १२०. म्हणजे बोअर गेलेला नव्हता. वर सांगितलेल्या तरुणाच्या गाडीचें एंजिन पुढें उघडलें तेव्हां सिलिंडरावर उभे चरे पडलेले दिसले, आणि हवेच्या फिल्टरचा कागद फाटलेला सांपडला. ऊसतोडीच्या धुळीच्या रस्त्यानें ती गाडी दोन हंगाम तशीच धांवली होती. आंत गेलेली धूळ तेलांत मिसळून सिलिंडरास कानसीसारखी घांसते. त्याच्या एंजिनाचा घात मुळांत तिनें केला होता.

या कसोटीसहि मर्यादा आहे. दाब धरणाऱ्या वरच्या रिंगा चांगल्या असून खालची तेल खरवडणारी रिंग काजळीनें चिकटलेली असूं शकते. अशा वेळीं दाब उत्तम भरतो व तेल तरीहि जळतें. म्हणून घड्याळाचा आंकडा, धूर व वही या तिहींची साक्ष जुळल्यावरच निकाल द्यावा.

उपायांचा क्रम

स्वस्त उपाय अगोदर व महाग शेवटीं, हा क्रम सोडूं नये.

तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्यें ठेवावी. वरच्या खुणेपर्यंत भरलेंच पाहिजे असा आग्रह नको. परंतु खालच्या खुणेखालीं तें एक दिवसहि जाऊं देऊं नये. तेलाचा जाडपणा पुस्तकांत लिहिला असेल तोच घ्यावा. त्याहून पातळ तेल उष्णतेंत अधिक उडतें व जळतें. आणि धूर लपविण्यासाठीं फार जाड तेल घातल्यास तें थंड एंजिनांत उशिरां पोंचतें. जेथें क्लच त्याच तेलांत फिरतो तेथें डब्यावर जासो एम्ए अथवा एम्ए२ अशी खूण पाहावी. मोटारीच्या कांहीं तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनीं क्लच घसरूं लागतो.

ब्रीदरची नळी दुमडलेली अथवा चिखलानें बुजलेली नाहीं हें पाहावें. ती बुजली कीं आंतला दाब वाढून चांगल्या सीलांतूनहि तेल बाहेर येतें. हवेचा फिल्टर वेळेवर साफ करावा किंवा बदलावा, आणि फिल्टरपासून एंजिनापर्यंतच्या रबरी नळीस चीर नाहीं याची खात्री करावी. वाऱ्यानें थंड होणाऱ्या गाडींत वेगाचाहि हिशेब आहे. दोघे जण व सामान घेऊन तासन्‌तास भरवेगानें जाण्यानें तेल तापून पातळ होतें व खप वाढतो. ताशीं ६०-७० किलोमीटर चालवून व मध्यें विसांवा देऊन तेल वांचतें, आणि आमच्या वयाच्या माणसाची पाठहि वांचते.

इतकें करूनहि खप मर्यादेबाहेर राहिला तर व्हॉल्व्हचीं सीलें बदलावीं, व त्याच वेळीं गाइडांतील मोकळीक तपासून घ्यावी. रिंगा व बोअर यांचें काम शेवटीं. तेंहि मिस्त्रीनें सिलिंडर मापून, वर, मध्यें व खालीं किती झीज आहे तें आंकड्यांत दाखविल्यावरच करूं द्यावें. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा. तेथें नुसत्या नव्या रिंगा घालणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें. नवें काम झाल्यावर एंजिन जपून, परंतु फार लाडानेंहि नव्हे, असें चालवावें. पहिल्या कांहीं शें किलोमीटरांत वेग कमी-अधिक करीत, थोडा भार देत चालविल्यानें रिंगा सिलिंडरास नीट बसतात.

आमच्या गाडीचा निकाल असा लागला. जास्तीचें तेल काढून व फिल्टरची पेटी साफ करून पुढील १००० किलोमीटर नोंद ठेविली. खप २३० मिलिलिटर निघाला. यात्रेच्या वेळच्या आमच्या हिशेबानें तो हजारीं ८०० च्या वर दिसत होता! सकाळचा निळा झोत मात्र राहिला होता, म्हणून त्याच मिस्त्रीकडून हेड उतरवून व्हॉल्व्हचीं सीलें बदलून घेतलीं. खर्च सुमारें दोन हजार आला. त्यानंतर १२०० किलोमीटरांत १०८ मिलिलिटर तेल लागलें, म्हणजे हजारीं ९०. एंजिन उतरविलें असतें तर नऊ हजार गेले असते, आणि बाजूच्या स्टँडवर मोजण्याची आमची खोड तशीच राहून महिन्याभरांत नव्या बोअराच्या गाडीनेंहि धूर सोडला असता.

ट्रॅक्टर व विहिरीवरील डिझेल एंजिन यांसहि हेच नियम थोड्या फरकानें लागू पडतात. तेथें धूळ अधिक व काम दीर्घ वेळचें, म्हणून फिल्टर व काडी यांकडे अधिकच लक्ष हवें. किलोमीटरांच्या जागीं चाललेले तास लिहावे, इतकेंच. काढलेलें जुनें तेल मात्र विहिरीकांठीं किंवा बांधावर ओतूं नये. तें पाण्यास व मातीस विषासारखें आहे; डब्यांत सांठवून जुनें तेल अधिकृतपणें घेणाऱ्याकडे द्यावें.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मोटारसायकल आहे त्यांनीं उद्यां सकाळीं ती सरळ उभी करून एकदां काडी पाहावी व तारीख घालून वहींत पहिली ओळ लिहावी. घाटांत पडलेल्या आमच्या त्या मुलाचा हात आतां बरा झाला आहे. त्यानेंहि अशी वही घातली असून ती तो गाडीच्या पेटींत, कागदपत्रांबरोबरच ठेवितो.